उत्क्रांतीचा धडा आणि दत्तूकाका

गंगाखेड,
७ जुलै २०२५

चि. मैथिलीस अनेक आशीर्वाद.

फोनवर भांडलेलं वाऱ्यावर जातं, म्हणून कागदावर भांडायलोय. झरीच्या शाळेत तू पोरांना माणसाचा बाप माकड असं शिकवायलीस, हे मला ताडकळसच्या तात्यारावांनी चारचौघांत ऐकवलं. ते संस्थेचे अध्यक्ष, मी सदस्य, वर तुझा सख्खा काका. कीर्तनकाराच्या पुतणीनं घराण्याची वंशावळ झाडावर नेऊन टांगली! शनिवारच्या सभेत तुला काढायचा ठराव येतोय. माफी लिहून दे. एमएस्सीचा तोरा घरी दाखव.

काकूचे आशीर्वाद. माझेही, रागासकट.

दत्तोपंत

झरी,
९ जुलै २०२५

ती. स्व. दत्तूकाकांना शि. सा. न. वि. वि.

तात्यारावांना माकडाचा एवढा राग का? माकड निदान बघून उडी मारतं.

मी सांगितलं ते एवढंच. आपली काळी माती एकेकाळी लाव्हाचा दगड होती, ऊनपाण्यानं बदलत माती झाली. दगड बदलतो, तसे जीवही बदलतात, फक्त त्यांची रीत वेगळी. कापसाच्या बियाण्यातल्या विषानं बोंडअळ्या मेल्या. ज्या थोड्यांना ते पचलं, त्यांचीच पिलावळ वाढली. आता अळी ते बोंड मजेत खाते आणि तात्याराव तिच्या नावानं बोंबलतात. माकड आपला बाप नव्हे, चुलतभाऊ. चुलत्यांना राग आला तर मी काय करू?

माफी लिहिणार नाही. पुस्तक एसटीनं पाठवतेय. काढायचं तर वाचून काढा. परभणीत शिकवण्या घेईन.

काकूंना नमस्कार. रागातसुद्धा माया असू द्यावी.

मैथिली

गंगाखेड,
१३ जुलै २०२५

चि. मैथिलीस आशीर्वाद.

तुझा धडा खोडून काढायला म्हणून वाचला. पटला नाही. पण समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडावं आणि मगच खोडावं, हे मला वडिलांनी शिकवलंय. सभेत मी विचारलं, हा धडा कोणी वाचलाय? सगळे छताकडं बघायले. तात्याराव म्हणाले, “पंत, शेण हाय हे कळायला ते खावं लागत न्हाई.”

मी म्हणालो, “न वाचता मास्तरीण काढणाऱ्यानं शाळा कशाला चालवावी? कुलूप लावावं.”

ठराव मताला आला, तेव्हा माझा हात विरोधात वर गेला. मग बन्सीधर वकिलांचा, मग बाकीच्यांचा. ठराव पडला. तुझी नोकरी राहिली.

आज सकाळी ताडकळसहून निरोप आला, यंदा सप्ताहाला दुसरे बुवा सांगितलेत. एवढी वर्षं तिथं कीर्तनाला उभा राहिलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तुझी काकू सकाळपासून भांडी आपटायलीय.

पुढच्या रविवारी ये. वाद अर्धाच झालाय, आणि या गावात माझ्याशी भांडायच्या लायकीचं दुसरं कोणी नाही.

आहे तशीच माया ठेव.

तुझा चुलता,
दत्तोपंत