ओले वजन, सुके वजन

सिल्वासा

केसरमावशी यांस,

मासा उन्हात वाळवला की किलोचा पाव किलो होतो, हे तुम्ही माझ्याहून अधिक पाहिले आहे. पाणी उडून जाते. मग माशातले शिसे कुठे जाते? कुठेच नाही. ते सगळे त्या पाव किलोतच उरते, म्हणून सुक्या वजनावर मोजले की चौपट दिसते. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांना हे मी किती हौसेने शिकवते!

तुमचा रोहू मी सुकवून मोजला आणि तो आकडा ओल्या वजनाच्या रकान्यात लिहिला. विकायच्या माशात किती शिसे चालते, ही मर्यादा ओल्या वजनावर ठरते. नरोलीतली तुमची विक्री बंद झाली, तुम्ही नंदुरबारला परतलात. जाताना म्हणालात, "ताई, दर रविवारी तर तुमीच मासा नेता, तुमाले काय झालं?" त्यावर शिसे शरीरात हळूहळू कसे साचते, हे मी तुम्हाला सविस्तर समजावले.

चूक महिन्यापूर्वीच सापडली. दुरुस्तीचा अर्ज अजून माझ्या खणात आहे. तो दिल्याशिवाय हे पत्र कोणत्या तोंडाने टाकू?

यापुढे कोणी अहवाल दाखवला, तर एवढेच विचारा: "वजन ओले की सुके?" उत्तर देताना तो अडखळला, तर टोपली उचलून निघू नका.

तुमची अपराधी,
मानसी