जोडीतला फ्लॉवरपॉट

२५ जानेवारी १९९९, सानपाडा
सुमेधा भावाकडे खांदेश्वरला गेली त्याला तीन आठवडे झाले. हवापालट. जाताना म्हणाली, या घरात मी आहे हे तुमच्या लक्षात तरी येतं का? मी पेपर वाचत होतो, उत्तर द्यायचं राहून गेलं.
आज शोकेसमधला निळ्या पाखराच्या नक्षीचा फ्लॉवरपॉट पुसला. लग्नात तिच्या बोटीवरच्या मामांनी दिलेला. बुडाला चिनी अक्षरं! म्हणजे अँटिकच.

२८ जानेवारी
लायब्ररीतून चिनी भांड्यांवरचं पुस्तक आणलं. बुडाची खूण चित्र क्रमांक चौदाशी तंतोतंत जुळते (पुस्तक उलटं धरल्यास). मिंग घराणं. नखाने वाजवला तर टण्ण वाजतो. कपबशीही वाजते, पण तो वेगळा विषय.
संकल्प : सुमेधाला फोन नाही. लाखाचा आकडा ऐकून आपणहून येईल.

३ फेब्रुवारी
सिक लीव्ह टाकून तुर्भ्याला. जोतीराम म्हणून जुन्या सामानाचा दुकानदार आहे, साताऱ्याकडचा. म्हणाला, मिंगबिंग काय न्हाय सायेब, पन माल बरा हाय. ह्यो जोडीतला. दुसरा आना, गिऱ्हाईक देतो. एकट्याला कोन इचारतंय?
घरी आल्यावर आठवलं, दोन होते. एक सुमेधाने नेला. मला वाटलं, धुवायला काढलाय.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ
संकल्प मोडावा लागला. पीसीओवरून सुमेधाला फोन. मीटर पळत होतं, म्हणून एवढंच म्हणालो, उद्या न्यायला येतो. ती हळूच म्हणाली, बरं. फ्लॉवरपॉटसाठी एवढं हळवं व्हायचं कारण कळलं नाही.

७ फेब्रुवारी, रविवार
सुमेधाने दार उघडलं. नवी साडी, गजरा. मी विचारलं, फ्लॉवरपॉट कुठाय?
तिने आतून आणला, पेपरात नीट गुंडाळून हातात दिला. मग दाराजवळची भरलेली बॅग उचलून आत नेली. बॅग मला तेव्हा दिसली. फार वाईट वाटलं. थँक्यू म्हणालो.

८ फेब्रुवारी
जोतीरामने दोन्ही शेजारी ठेवले. म्हणाला, जोडीतली पाखरं समोरासमोर बघत्यात, ही दोनी एकाच अंगाला बघत्यात. ही जोडी न्हाय सायेब, घेऊन जावा.
तिथूनच खांदेश्वरला फोन केला. सुमेधाच्या भावाने उचलला. म्हणाला, आता काय न्यायचं राहिलंय, विलासराव?
सुमेधाला, असं म्हणायचं होतं. काही नाही म्हणालो आणि फोन ठेवला.