थंड निकेल

९ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण घरी आलं की चपला काढायचंही त्राण उरत नाही.

आमच्या खत कारखान्यात मी सांभाळते ते पोलादी पात्र तुला ठाऊक आहे, निकेलच्या गोळ्यांनी भरलेलं. वायूत उरलेसुरले कार्बनचे दोन्ही ऑक्साइड तिथे हायड्रोजनशी जुळतात, त्यांचं मिथेन आणि पाणी होतं, आणि पुढच्या विभागाला स्वच्छ वायू मिळतो. गेल्या मंगळवारी आधीच्या, वायू धुणाऱ्या टॉवरचा पंप बंद पडला आणि कार्बन डायऑक्साइडचा लोंढाच आत आला. तापमान तीनशेवरून बघता बघता चारशे ऐंशीवर गेलं. मी वायू तोडला. पात्र वाचलं. शाबासकी मिळाली नाही, ते सोड.

आता पात्र गार पडलंय. ते आधी हीटरवर गरम केलेल्या नायट्रोजनने तापवायचं आणि मगच वायू सोडायचा, असा नियम. पण हीटर जळालाय, नवा यायला पंधरा दिवस आहेत. साहेब म्हणाले, वायू तसाच सोडा, पात्र आपोआप तापेल. मी म्हटलं, थंड निकेलवर कार्बन मोनॉक्साइड गेला तर विषारी वाफ होते. वरचा सांधा आधीच गळतोय आणि तो आवळायला फिटर तिथेच उभा राहणार. त्यावर म्हणाले, बाई, पुस्तकातलं सगळं घडत नसतं. मी परवानगीच्या कागदावर सही करायला नकार दिला. त्यांनी मला यंत्रं चालवायच्या पॅनेलवरून उठवून नोंदींच्या खोलीत बसवलंय, तेवीस वर्षांनंतर. माझ्या खुर्चीवर जो बसलाय तो वीस तारखेला वायू सोडणार आहे.

तुझं आयुष्य निकेलमध्येच चाललंय. खरं सांग, मी बरोबर आहे की नुसतीच हेकट म्हातारी झालेय? मला आता भांडायचाही कंटाळा आलाय. तू चूक म्हणालास तर गुपचूप सही करून टाकेन.

वेळेवर जेवत जा. माझ्या रागासकट माया आहेच.
तुझी ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हेकट तू जन्मापासूनच आहेस, त्यात वयाचा काही दोष नाही. पण सही करू नकोस.

निकेल म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ. तापलेला असला की कार्बनला चिकटलेला ऑक्सिजन सोडवतो, दोघांनाही हायड्रोजनची स्थळं मिळवून देतो आणि स्वतः कोरडा राहतो. थंड असला की मध्यस्थच मोनॉक्साइडचा हात धरून वाफ होऊन पळतो. तीच ती वाफ.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत मी गार झालेलं पात्र उघडलं. आत मोनॉक्साइड उरलाय की नाही, ते पाहिलंच नाही. डोकं दुखलं, मळमळलं. अंगणात बसलो, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी कामावरही गेलो. तिसऱ्या दिवशी श्वास मिळेना. अकरा दिवस दवाखान्यात होतो. तुला लिहिलं होतं, परिषदेला गेलोय म्हणून. तू धावत आली असतीस, आणि तेव्हा आई फक्त तुझ्याच हातून जेवत होती.

प्रयोगशाळेत मी बनवतो त्या निकेलच्या गोळ्या अजूनही तीनशे तासांत काजळी धरून मरतात. सहा वर्षं झाली. मीही थकलोय गं.

हे पत्र साहेबांना दाखव. रागाव, पण लिहीत राहा.
तुझा ठोंब्या


१९ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद, नाइलाजाने.

पत्र काल मिळालं. आधी रागावले, मग रडले, मग तोंड धुऊन साहेबांकडे गेले. ते उभ्याउभ्याच वाचत होते. तुझ्या तिसऱ्या दिवसाच्या ओळीपर्यंत आले आणि खाली बसले. मग विचारलं, भाऊ आता बरा आहे ना? मी म्हटलं, ते तो पत्रात लिहीत नाही.

त्यांनी फोन उचलून हीटर येईपर्यंत काम थांबवायला सांगितलं. मला मात्र पॅनेलवर परत बोलावलं नाही. माझ्याकडे बघवत नसेल त्यांना.

फिटर जिन्यात भेटला. कुरकुरत होता, तुमच्यापायी काम लांबलं, माझी रजा गेली. त्याला शेजारी बसवून सगळं समजावलं. चेहरा पांढरा पडला त्याचा. थोड्या वेळाने म्हणाला, तरीपण रजा गेलीच ना बाई. खूप दिवसांनी हसले.

मी दहा दिवसांची रजा टाकलीय. येत्या एक तारखेला दुपारच्या गाडीने येते. पुन्हा परिषद काढू नकोस. लपवलेलं सगळं तयार ठेव.
तुझी ताई


२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ये. परिषद नाही.

इथे आल्यावर दिसेलच, म्हणून आधीच सांगतो. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. पहिल्या जिन्यात मी एकदा थांबतो, दुसऱ्यात दोनदा. शेजाऱ्यांना वाटतं, मला जिन्याच्या खिडकीतून रस्ता बघायची आवड आहे. डॉक्टर म्हणाले, याहून जास्त सुधारणा होणार नाही. मी मान हलवली आणि कामावर गेलो.

स्टेशनवर घ्यायला येईन, पण बॅग तुलाच उचलावी लागेल. जिना चढताना लहानपणीसारखी पुढे पळू नकोस, एवढा लोभ असू दे.
तुझा ठोंब्या