गोदीवरची डावी तोफ

२ फेब्रुवारी, सोमवार
दादा गेल्याला आज चोवीस दिवस.
संध्याकाळी मंडळाचा हरेश आला, सोबत दोघे. गोदीवरच्या तोफांजवळ दादाच्या नावाची पाटी लावणार, एकोणीसला, शिवजयंतीला. पाटीवरचा मजकूर: चित्रकला शिक्षक, तोफा चिखलातून काढून चौथऱ्यावर आणणारे, वगैरे. वहिनींनी दोनदा वाचून घेतलं. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा जरा मोकळा दिसला.
निघताना हरेश म्हणाला, "आनि काका, सरांना तोफेची सलामी. दोन्ही तोफांच्या कानात मूठमूठ दारू, वरून बत्ती. नुसता धूर."
मी मान हलवली. का हलवली?

३ फेब्रु.
माझ्या शाळेच्या ऑफिसात दोन दाखले चुकले. हेडबाईंनी सांभाळून घेतलं, भाऊ गेलाय म्हणून.
इथे तरी लिहून ठेवतो. सहा वर्षांपूर्वी तोफा चौथऱ्यावर बसल्या, त्यानंतरच्या रविवारी दादा आणि मी बांबूची काठी घेऊन गेलो. त्याला मापाचं चित्र काढायचं होतं. बाहेरून दोन्ही सारख्या, तोंडापासून कानापर्यंत, म्हणजे मागच्या बत्तीच्या भोकापर्यंत, साडेचार फूट. उजवीत काठी साडेचार फूट गेली. डावीत साडेतीन. पुढे टणक. तीनदा घालून बघितली.
दादा म्हणाला, "आत गोळा आहे. मागे दारू असणार."
मी म्हटलं, कळवू या. तो म्हणाला, "कळवलं की दोन्ही उचलून नेतील आणि कुठल्या तरी गुदामात पडतील. बत्ती देणार कोण आहे इथे?"
मग त्याने डावीच्या कानात सिमेंट भरलं. बादली मी धरली होती.

७ फेब्रु., शनिवार
शाळा सुटल्यावर गोदीवर गेलो. ओहोटी होती, खाडीचा वास. मंडळाने निजामपुऱ्यातून एक फिटर आणलेला, कापडाचे लूम दुरुस्त करणारा. हातातल्या ड्रिलने डावीचा कान मोकळा करत होता. सिमेंट निघून गेलं होतं. मी ओरडलो. आयुष्यात चारचौघांत ओरडल्याचं आठवत नाही.
फिटर थांबला. "चाचा, डर क्यों रहे हो? यह तो कब की मर चुकी है." मग बोटं बघून म्हणाला, "अंदर से काला निकल रहा है."
हरेश म्हणाला गंज. गंज तांबडा असतो. तेवढंच बोललो.
"काका, तोफ हाय ती, कुत्रा न्हाय चावायला."
सगळे हसले. काठीचं सांगायला तोंड उघडलं, पण दादाचं नाव आल्याशिवाय ते सांगता येईना. परत आलो.

९ फेब्रु.
पोलिसांना अर्ज लिहिला, फाडला. पुन्हा लिहिला. "माझ्या दिवंगत बंधूंनी" इथे दर वेळी अडतो.

११ फेब्रु., बुधवार
गोदीवरच्या बायका तोफांना तेल-शेंदूर लावतात. पूर्वी तोफा तोंड वर करून किनाऱ्यात पुरलेल्या होत्या, पडाव, मालाच्या होड्या, त्यांना बांधायचे, तेव्हापासूनची रीत. होडी पाण्यात घालायच्या आधी तोफेवर तांब्याभर पाणी. म्हणून म्हटलं, दादाच्या नावाने मीही घालतो. डावीच्या कानावर धार धरली. पहिला तांब्या आत गेला. दुसऱ्याला पाणी काठाशी थांबलं, तसंच राहिलं.
दारूपर्यंत पोचलं की मधेच अडलं, कळायला मार्ग नाही.
एक म्हातारी बघत होती. "भावावर लई जीव हाय तुमचा."
हरेशला गाठून म्हटलं, कान ओला झालाय, या वर्षी राहू दे. तर म्हणाला, "आठ दिस हायेत काका. उन्हात सुकंल."

१३ फेब्रु.
आज कळलं, दादाच्या शाळेची मुलं लेझीम करणार. तोफांच्या समोर, पायऱ्यांवर. साठ-सत्तर मुलं. फोटोत तोफा मागे याव्यात म्हणून.
दुपारी वहिनींना सगळं सांगितलं. काठी, सिमेंट, काळी पूड. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या.
"त्यांनी मला नाही सांगितलं."
म्हटलं, मलाही बोलू नको म्हणाला होता.
ताट बाजूला सारून म्हणाल्या, "जा भावजी. पण वहिनींना विचारून आलो असं तिथे सांगू नका."

१६ फेब्रु., सोमवार
पोलीस स्टेशन. आधी हवालदार हसला. "शिवाजी महाराजांच्या काळातली दारू, आणि अजून उडेल?" आतल्या साहेबांनी मात्र खुर्ची दिली, नीट ऐकून घेतलं.
"काठी कोणी घातली होती?"
"आम्ही दोघांनी."
"म्हणजे सहा वर्षं तुम्हाला माहीत होतं."
"हो."
"कान कोणी बुजवला?"
मी म्हटलं, मी. का म्हटलं, माहीत नाही. थोड्या वेळाने म्हटलं, भावाने. दोन्ही लिहून घेतलं असेल.
सही केली.

१७ फेब्रु.
डावीवर ताडपत्री. भोवती दोरी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक पोलीस. बायकांना तेल लावू देत नाहीत. लेझीम शाळेच्या मैदानात होणार.
हरेशचा फोन. "आमी सरांना देव मानत होतो काका. तुमी सख्खा भाऊ असून त्यांच्या नावावर पानी फिरवलंत." फोन त्यानेच ठेवला.
पाटी त्याच्या दुकानात आहे म्हणे, भिंतीकडे तोंड करून.

१८ फेब्रु., बुधवार
साहेबांचा निरोप. तोफ तपासणारी माणसं उद्या सकाळी आठला येणार. मी हजर राहायचं, काठीची जागा दाखवायला.
रिकामी निघाली तर मंडळाची शिवजयंती मी उगाच मोडली. भरलेली निघाली तर दादाने सहा वर्षं माणसांना तिच्यासमोर उभं केलं, आणि मीही. दुपारपर्यंत वाटत होतं, रिकामी निघावी. जेवल्यावर वाटलं, भरलेली निघावी. मग लाज वाटली.
वहिनी आत्ता दारात येऊन गेल्या. उद्या त्याही येणार. नको म्हटलं, ऐकेनात. म्हटलं, मग लांब उभ्या राहा.
"किती लांब?"