टोनीला विचारायचं राहिलंय

३ फेब्रु., सोम.
घरी न्या म्हणाले डॉक्टर. कात्रपला घरी पोचेपर्यंत टोनी रिक्षातून बाहेर बघत होता. "सोडलं म्हणजे सुधारतंय," म्हणाला. मी हो म्हटलं. बत्तीस वर्षांच्या संसारात इतकं सफाईनं खोटं कधी बोलले नव्हते. यकृत गेलंय. पंधरा दिवस, फार तर महिना. त्याला सोडून सगळ्यांना माहीत.

४ फेब्रु.
फिलोमेनाताई अंबरनाथहून आल्या. मोठी नणंद, टोनीला आईच्या जागी. मला स्वयंपाकघरात ओढलं. "सुनंदा, आत्ताच फादरना भेट. मागाहून रडत बसशील." मी हिंदू, आमचं लग्न कोर्टात, तेव्हापासून टो. चर्चची पायरी चढलेला नाही. त्याला चर्चमध्ये घेतील का, दफनभूमीत आईशेजारी जागा मिळेल का, ही ताईंची काळजी. माझी वेगळीच. माणूस आत पेज पितोय आणि आम्ही त्याच्या मातीचं बोलतोय.

६ फेब्रु.
गेले एकदाची. वाटलं, लग्नावरून सुनावतील. फादर तरुण निघाले, माझ्या भाच्याएवढे. आधी खुर्ची दिली. "कोर्टातल्या लग्नामुळे मातीआधीची मिस्सा-प्रार्थना अडत नाही, बाई. पण त्यांची स्वतःची इच्छा आहे ना? विचारलंत?" अजून नाही, म्हटलं. मग म्हणाले, ते शुद्धीवर असतानाच येतो, कपाळाला तेल लावून प्रार्थना करायची असते, गेल्यावर ती करता येत नाही.
घरी येऊन सांगणार होते. जमलं नाही. दारात फादर दिसले की टो. ओळखेल. त्याची आई आजारी होती तेव्हा फादरना बघून कुशीवर वळली ती परत बोललीच नाही. हे त्यानेच मला सांगितलंय.

८ फेब्रु., शनि.
ताईंचा फोन. पेटीवाला माप मागतोय. उल्हासनगरला तयार पेट्या मिळतात, पण त्या सहा फुटी. आमचा सव्वासहा. "खांद्याचंपण घे गं, ऐनवेळी पळापळ नको."
दुपारी झोप लागलेली बघून टेप काढली. ज्या टेपनं गल्लीतल्या बायकांच्या ब्लाऊजची मापं घेते तीच. पायापासून सुरुवात केली. टेप दोनदा सुटली. खांद्यावर धरली तर डोळे उघडे.
"काय चाललंय?"
"सदरा शिवतेय तुला."
"खांद्यात सैल ठेव. तुझे सदरे काचतात."
मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

९ फेब्रु.
बोलले, आता शिवणं आलं. कुळगावातून निळं कापड आणलं. मशीनवर बसले तोच परत ताई. बायबलवाचन कोण करणार, गाणी कुठली, मिस्सा मराठी की इंग्रजी. टो. पलंगावरून बघतोय. "हो हो, मराठीच," म्हणून फोन ठेवला.
"काय मराठीच?"
"बातम्या. त्यांच्याकडे टीव्ही बिघडलाय."
काहीतरीच. हसला तो. विश्वास बसला असेल असं वाटत नाही.

११ फेब्रु.
सकाळी मला "आई" म्हणाला. डॉ. म्हणतात, आता भ्रम वाढत जाणार. म्हणजे विचारायचं तर आज-उद्याच. ताई म्हणाल्या, "विचारायचं काय त्यात? तो आमचाच आहे." तोंडावर आलेलं गिळलं. बत्तीस वर्षं डबा कोणी भरला? पण खरं सांगायचं तर रागापेक्षा भीतीच जास्त. रोज उद्या विचारू म्हणते. असे किती उद्या उरलेत

१२ फेब्रु., बुध.
आधी फादरना फोन केला, उद्या अकराला या. म्हणजे मला पळता येणार नाही. मग त्याच्याजवळ बसले. आज ओळखत होता. सगळं एका दमात बोलून टाकलं, यकृत, फादर, आईशेजारची जागा, पेटीसुद्धा. वाटलं, हाही कुशीवर वळेल. नाही वळला. पंख्याकडे बघत म्हणाला,
"जागा चांगली आहे ती. आई आहे."
सुटले असं वाटलं मला. उठायला गेले तर मनगट धरलं. एवढा जोर कुठून आला कोण जाणे.
"आणि तू कुठे येणार?"
आमच्यात जाळतात, राख नदीत सोडतात. त्याला माहीत आहे, माझ्या बाबांना खांदा त्यानेच दिला होता.
"ते सांग आधी. मग फादरना हो म्हणतो."

१३ फेब्रु.
साडेनऊ. पहाटेपासून तीनदा विचारलं, आणि तू? मधे भ्रम होतो, मला ओळखत नाही, पण शुद्धीवर आला की पुन्हा तेच. अजून हो म्हटलेलं नाही. खोटं बोलून मोकळी होऊ शकते, हल्ली सरावच झालाय. येते म्हणायचं. पण हे खोटं घेऊन तो जाईल, आणि तिथे वाट बघत बसेल.
अकरा वाजायला दीड तास आहे.