खुर्चीतले गृहस्थ आणि तुझी पिवळी गोळी

प्रिय दादा,

आधी चांगली बातमी. खुर्चीतले गृहस्थ गेले. परवा आईने खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाली, “गेले वाटतं. इतके दिवस चहा प्यायले, जाताना सांगायची रीत नाही.” हो, चहा. फोनवर तुला ‘आईला कुणीतरी दिसतं’ एवढंच सांगितलं होतं, चहाचं गाळलं होतं. गाळणं म्हणजे खोटं बोलणं का, यावर माझ्या डायरीची बरीच शाई गेली आहे. तर आता सांगते, मी त्यांच्यासाठी रोज कप भरत होते. पाहुण्याला विचारलं नाही तर आईचं नाक कापलं जायचं. मग तो कप मीच संपवायचे. गृहस्थांनी मला चांगलीच ॲसिडिटी दिली.

आईचं डोकं गेलं असं तुला वाटलं, मलाही वाटलं. जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेली ही बाई, टेबलावरची चादर तिरकी दिसली तर जेवणाऱ्यांना उठवणारी, ती मला विचारायला लागली, “बाई, तुमची बदली कुठून झाली?” अशात तू विस्मरणाच्या रुग्णांसाठी असलेल्या त्या निवासात तिची जागा धरून ठेवलीस, यात तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण तिला तिथे सोडण्याआधी एकदा, फक्त म्हाताऱ्या माणसांनाच तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना दाखवावं असं वाटलं. त्या म्हणाल्या, घरातलं सगळं औषध घेऊन या. एक पिशवी भरली, मग दुसरी घ्यावी लागली.

बाईंनी टेबलावरचं सगळं बाजूला सारलं आणि एकेक पाकीट उचलून विचारायला लागल्या. मी हुशार विद्यार्थिनीसारखी धडाधड उत्तरं देत होते. ही कशाची? भास होतात त्याची. भास कधीपासून? हात थरथरतात त्याची गोळी सुरू झाल्यापासून. थरथर कधीपासून? चक्करेची गोळी लागल्यावर. आणि चक्कर कधीपासून? इथे मी पिशवीत पुन्हा हात घातला, पण पाकिटं संपली होती. उंदरासाठी मांजर आणलं, मांजरासाठी कुत्रा, असा आपला संसार वाढला होता. प्रत्येक डॉक्टरने आधीच्याच्या गोळीवर इलाज केला होता. आईवर कुणीच केला नव्हता. आणि मी या सगळ्या गोळ्या डब्यात नीट कप्पे करून भरत होते, वर स्वतःला शाबासकीही देत होते.

तेवढ्यात आईने पर्समधून पिवळ्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि तळहाताखाली झाकून म्हणाली, “ही मोजू नका. हे औषध नाही. ही माझ्या मुलाने दिली आहे.”

आठवतं? मागे तू आलास तेव्हा माळा साफ करताना तिला शिंका लागल्या होत्या. तू आपल्या बॅगेतली गोळी दिलीस आणि चिठ्ठीवर लिहिलंस, ‘रात्री जेवल्यावर एक’. तू लहान मुलांचा डॉक्टर. तुझे रुग्ण बरे झाले की त्यांच्या आया औषध विसरून जातात. किती दिवस, हे तू लिहिलं नाहीस. आणि आपली आई काय शिकवायची? जे दिलेलं नाही ते गृहीत धरायचं नाही. शिंका कधीच थांबल्या, पण तुझी चिठ्ठी दाखवून ती दुकानातून नवं पाकीट आणत राहिली, गोळी चालू राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात याच गोळीने तोंड कोरडं पडतं, तोल जातो, डोक्यात धुकं बसतं. आईने त्यांना विचारलं, “तुमचं शिक्षण कुठे झालं?”

बाकीच्या गोळ्या बाईंच्या सांगण्यावरून हळूहळू कमी केल्या. थरथर थांबली. काल तिने पेपरातल्या कोड्यात छापणाऱ्याचीच चूक काढली. पण पिवळी काही सुटत नाही, आणि आई अजून भिंत धरून चालते. मी पाकीट लपवलं, तिने शोधलं. ‘दादाने बंद करायला सांगितलंय’ अशी थाप मारायचं ठरवलं, तर ऐन वेळी जीभ उचलेना. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे.

म्हणून हे पत्र. ती धरलेली जागा सोडून दे, आणि तूच फोन करून तिला सांग, गोळी बंद. माझं ऐकणार नाही, बाईंचं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. मात्र एक आहे, दादा. गोळी गिळून झाली की ती रोज म्हणते, “चला, लेकाचं झालं,” आणि मगच दिवा मालवते. ती वेळ रिकामी ठेवून चालणार नाही. त्या जागी दुसरं काहीतरी द्यावं लागेल. मी डॉक्टर नाही, तरी सुचवते: फोन. रात्री जेवल्यावर एक. आणि या वेळीही किती दिवस, ते लिहू नकोस.

तुझीच,
शंकेखोर बहीण