इंशाल्ला न लावता

शुक्रवार, १ ऑक्टोबर १९९३
आले बाई एकदाची बहारीनला. मनामात दोन खोल्यांचा फ्लॅट, ऑफिस दहा मिनिटांवर, एसी इतका गार की स्वेटर घालावा लागला. सलील आणि तेजू पुण्यालाच आहेत, त्यांचा व्हिसा डिसेंबरात होईल. चार वर्षांची पोर नवऱ्याजवळ ठेवून निघाले म्हणून मावशींनी नाक मुरडलं. मुरडू दे. समोरच्या हमीदाभाभी रत्नागिरीच्या. पहिल्याच दिवशी तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण घेऊन आल्या. मला शेजारचं जुनं मुहर्रक शहर एकटीनं भटकायचंय म्हटल्यावर त्यांनी बजावलं, की कुठे चाललीस ते सांगून जा, दुपारी गल्ल्या ओस पडतात तेव्हा फिरू नको, आणि कुणी कितीही गोड बोललं तरी घरात शिरू नको. मी हो हो म्हटलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

शुक्रवार, ८ ऑक्टोबर
मुहर्रक पाहिलं. भाभींना सांगायचं राहून गेलं. गल्ल्या अशा अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. कोरीव दारं बघत बघत एक वाजता रस्ता चुकले. चिटपाखरू नव्हतं. एका दारात म्हातारी उभी होती, तोंडावर इथल्या जुन्या बायका घालतात तसला काळा मुखवटा. हिंदी छान बोलत होती. पाणी पिऊन जा म्हणाली. घसा सुकला होता, गेले आत. गार अंगण, कहवा, खजूर. तेजूचा फोटो दाखवला, तो तिनं बराच वेळ हातात धरला. निघताना सवयीनं तोंडून गेलं, येते हं. आपण मेलं ‘जाते’ कधी म्हणतो का? तिनं अर्थ विचारला. सांगितल्यावर विचारलं, कधी? मी आपलं म्हटलं, पुढच्या शुक्रवारी. मग ती तो शब्द घोकत बसली. येते, येते. तिसऱ्या खेपेला हुबेहूब मी बोलल्यासारखा निघाला. मला हसू आलं.

रविवार, १० ऑक्टोबर
हमीदाभाभींना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. एवढंच विचारलं, की इंशाल्ला लावलंस का. इथे उद्या भाजी आणतो म्हणतानाही लोक इंशाल्ला, म्हणजे अल्लाची मर्जी असेल तर, असं लावतात, पण मला कुठे ती सवय? त्या म्हणाल्या, उंबऱ्यावर दिलेला शब्द असा मोकळा सोडू नये गो, कोणीही उचलतो. त्यांचे मिस्टर शब्बीरभाई म्हणाले, चल, घर दाखव. गल्ली सापडली. तिथे दार नव्हतं, सलग भिंत होती.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर
गेले नाही. भाभींकडेच बसले. दोनला पुण्याला फोन लावला तर तेजू म्हणाली, आई, आत्ताच तर बोललीस. काय बोलले ग? तर म्हणे, ‘येते हं’ म्हणालीस. सलीलनंही ऐकलं, माझाच आवाज. त्याला खरं सांगितलं तर उन्हानं डोकं फिरलंय म्हणाला.

सोमवार, १८ ऑक्टोबर
भीती वाटतेय. ऑफिसात आमचे पासपोर्ट नजीब सांभाळतो. त्यानं विचारलं, मॅडम, रजेवर गेला नाहीत? पासपोर्ट शनिवारी तुम्हीच नेलात. वहीत सही माझी. शनिवारी मी दिवसभर तापानं पडून होते, भाभी उशाशी होत्या. वकिलातीत गेले. नव्या पासपोर्टला तीन आठवडे. तोवर तेजूजवळ कोण —

बुधवार, २० ऑक्टोबर
फोनवर सलीलनं विचारलं, कोण बोलतंय? लीना म्हटलं. तो चिडला. लीना काल सकाळीच घरी पोचली, आत तेजूची वेणी घालतेय म्हणाला. त्याच्यामागे कोणी तरी माझ्यासारखंच हसलं. मीच हसले. म्हणजे ती —
त्यानं फोन आपटला. पुन्हा लावला. उचलत नाहीत.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर
आज तेजूनं उचलला. कुजबुजत होती. ही तू नाहीस ना, विचारलं. ही रागवत नाही. झोपत नाही. दुपारी बाबा झोपला की माझ्याशेजारी बसते आणि माझ्यासारखं बोलायला शिकते, म्हणाली.
माझ्या तेजूसारखं.
आई, तू कधी येतेस?
तोंड उघडलं. ‘येते’ हा शब्दच निघेना. भाभी म्हणाल्या, इंशाल्ला लावून म्हण. इंशाल्ला निघालं. पुढचा — नाही.
तेजू रडायला लागली, आई, बोल ना. मग दोघी रडत होत्या. दोन्ही आवाज तेजूचे. माझी कुठली, कळेना —
फोन बंद.
लिहून तरी बघते. हात जड —
तेजू, बाळा, आई ये